मामाच्या गिटारला नवीन नेक बसवायचाय, खाच घट्ट होतेय आणि भोकं जुळत नाहीयेत

कर्वेनगर_गिटार

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला नीट सांगता येणार नाही म्हणून. माझ्याकडे मामाची गिटार आहे, फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटच्या आकाराची, लाल, हेडस्टॉकवर (तारा गुंडाळतात त्या टोकावर) कुठल्याच कंपनीचं नाव नाही. मामा नव्वदच्या दशकात ऑर्केस्ट्रात वाजवायचा, गणपतीत रोज वेगळ्या मंडळापुढे प्रोग्राम असायचा, आणि मी सहा-सात वर्षांचा असताना स्टेजच्या कडेला खुर्चीवर बसून हीच गिटार बघत बसायचो. मग त्याची नोकरी, संसार, गिटार आजोळी माळ्यावर गेली ती तारा ताणलेल्या तशीच, आणि पंधरा-सोळा पावसाळे तिने तिथे काढले. गेल्या दिवाळीत त्याने ती मला दिली.

बॉडी ठणठणीत आहे. पिकअप (तारांचा आवाज उचलणारे) चालू आहेत, पॉट (आवाजाची बटणं) खरखरत होते ते बुधवार पेठेतून आणून बदलले. पण नेक, म्हणजे बोटं ठेवायची लांब दांडी, गेला. नुसता वाकला असता तर चाललं असतं, तो पिळलाय. हेडस्टॉककडून एक डोळा मिटून बघितलं की पहिला फ्रेट (नेकवरची धातूची आडवी पट्टी) एकीकडे कललेला आणि शेवटचा दुसरीकडे. ट्रस रॉडचा, म्हणजे नेकचा बाक सरळ करणाऱ्या आतल्या सळईचा, नट फिरवला तर नुसता गोल फिरतो, काही पकडतच नाही.

म्हणून नवीन नेक मागवला, मेपलचा, वर शिसवीचा फिंगरबोर्ड, 22 फ्रेट. आला तो दिसायला छान आहे पण बसत नाही. नेकची हील, म्हणजे बॉडीत बसणारं टोक, 56.1 एमएम रुंद आहे आणि बॉडीतली खाच 55.5. आणि नेकला चार भोकं आधीच पाडलेली आहेत ती बॉडीच्या भोकांवर येत नाहीत, वरची दोन जवळजवळ जुळतात पण खालची दोन दीड-दोन एमएमनी चुकतात. एक मित्र म्हणतो हील घासून टाक, दुसरा म्हणतो भोकात टूथपिक आणि फेविकॉल भर आणि नवीन भोकं पाड. मला घाई करायची नाहीये, पण मामा गणपतीला आमच्याकडे येणार आहे आणि तेव्हा ती त्याच्या हातात वाजती द्यायची आहे. कुठून सुरुवात करू?


भोसरी_टूलरूम

आधी पॉलिश पेपर बाजूला ठेव. अजून कशालाच हात लावू नकोस.

मी तीस वर्षं टूलरूममध्ये काढली आहेत आणि गिटार शिकायला लागलो पन्नाशीनंतर, तेव्हा लाकडाचं मला कमी कळतं पण मापाचं कळतं. तू रुंदी आणि भोकं बघतोयस, पण सगळ्यात पहिलं माप स्केलचं, म्हणजे तारेच्या वाजत्या लांबीचं. नटपासून (ट्रस रॉडचा नट नव्हे, हेडस्टॉकपाशी तारा टेकतात ती पट्टी) 12 व्या फ्रेटपर्यंतचं अंतर मोज आणि दुप्पट कर, ते स्केल. फेंडरच्या स्ट्रॅटचं 648 एमएम असतं म्हणजे 12 व्या फ्रेटपर्यंत 324 यायला पाहिजे. गिब्सनच्या बहुतेक गिटारींचं 628 च्या आसपास असतं. बिननावाच्या कॉपीमध्ये काहीही निघू शकतं. जुना नेक एका स्केलचा आणि नवा दुसऱ्या स्केलचा निघाला तर बाकी सगळं कितीही सुंदर बसवलंस तरी गिटार कधीच सुरात येणार नाही, कारण ब्रिज, म्हणजे बॉडीवर तारा टेकतात तो भाग, जुन्या नेकच्या हिशोबाने ठोकलेला आहे.

दुसरं, दोन्ही नेक टेबलावर शेजारी शेजारी पालथे ठेव, दोघांचे नट एका रेषेत आण आणि हीलची टोकं बघ कुठे येतात. 22 व्या फ्रेटसाठी फिंगरबोर्ड हीलच्या पुढे थोडा लोंबतो, तो धरायचा नाही, खालचं मेपल जिथे संपतं तिथे बघायचं. ती दोन टोकं एका एमएमच्या आत जुळली तर निम्मी काळजी मिटली.

आणि हे आकडे दे: खाचेची खोली, दोन्ही हीलची जाडी, बॉडीची जाडी, स्क्रूची लांबी. व्हर्नियर आहे का? नसेल तर कुणाकडून तरी आण, पट्टीने हे काम होत नाही.


हडपसर_ओव्हरड्राइव्ह

भावा एवढं काही नसतं त्यात. मी माझ्या गिटारला नेक बदलला तेव्हा पण भोकं जुळत नव्हती, बॉडीची भोकं 6 एमएमच्या ड्रिलने मोठी केली, स्क्रू थोडे तिरके गेले पण घट्ट बसले, तीन वर्षं झाली चालूये. स्क्रूंखालची धातूची प्लेट वरून येते त्यामुळे दिसत पण नाही.


कर्वेनगर_गिटार

काका, ऑफिसमधल्या एकाकडून व्हर्नियर आणला. जुना नेक नट ते 12 वा फ्रेट 324, नवाही 324. दोन्ही नेक पालथे ठेवले, हीलची टोकं अर्ध्या एमएमच्या फरकाने जुळली, नवा जरासा लांब. खाचेची खोली 16. जुनी हील 26.5 जाड, नवी 25.4. बॉडी 42. स्क्रू 45 चे. भोकांची मापंही घेतली, नव्या नेकवर 38 बाय 51, बॉडीवर आणि प्लेटवर 38 बाय 49.


भोसरी_टूलरूम

शाब्बास. आता सगळं स्पष्ट दिसतंय. नव्या नेकची भोकं फेंडरच्या नेहमीच्या मापाची आहेत, 38 बाय 51. तुझी बॉडी ज्याने बनवली त्याने स्वतःचं माप धरलं. म्हणजे नेक चुकीचा नाही आणि बॉडीही चुकीची नाही, दोघांची भाषा वेगळी आहे.

हडपसरवाल्यांचं अर्धं बरोबर आहे आणि अर्ध्याशी मी सहमत नाही. बॉडीचं भोक स्क्रूपेक्षा किंचित मोठं असायलाच पाहिजे, हे बरोबर. स्क्रू बॉडीतून सहज सरकून जायला हवा आणि त्याचे आटे फक्त नेकमध्ये पकडायला हवेत. स्क्रू बॉडीत पण आटे पाडत असेल तर नेक आणि बॉडी जेवढ्या फटीने लांब आहेत तेवढ्याच फटीवर अडकतात, तू कितीही पिळ, फट मिटत नाही. स्क्रूची बाहेरची जाडी साधारण 4.2 असते, भोक 4.5 पुरे. पण 6 चं भोक पाडून स्क्रू तिरका घालणं वेगळं. तिरका स्क्रू आवळताना नेकला एका बाजूला ढकलत राहतो, आणि चार स्क्रू चार दिशांना ढकलायला लागले की नेक कुठे थांबेल ते तुझ्या हातात राहत नाही. त्यांचं तीन वर्षं चाललं, आनंद आहे, पण मामाच्या गिटारवर तसं करू नकोस.


सहातारा

मी सदाशिव पेठेत घरीच लोकांच्या गिटारींचं सेटअपचं काम करते, दहाएक वर्षं झाली. काकांनी मापं छान लावून दिली आहेत, मी खाचेबद्दल लिहिते कारण सगळ्यात जास्त गिटारी तिथेच बिघडलेल्या बघितल्या आहेत.

0.6 एमएमचा फरक म्हणजे फार नाही. आधी खाचेच्या आतल्या भिंतींवर बघ रंग किती जाड आहे. या स्वस्त बॉड्यांना पॉलिएस्टरचा जाड थर असतो आणि तो खाचेत ओघळून बसतो, कधीकधी दोन्ही बाजूंचा मिळून तुझा हा 0.6 सगळा रंगच असतो. तो काढायचा, लाकूड नाही. पण वरच्या कडेला आधी धारदार कटरने रेघ मारून घे, नाहीतर आतला रंग घासताना बाहेरच्या लाल रंगाची खपली उडेल आणि ते बघून तुला फार वाईट वाटेल.

नेकची हील घासायची नाही हे पक्कं. तो उद्या दुसऱ्या बॉडीवर जाऊ शकतो, आणि घासताना हीलच्या बाजू गोल होतात, सपाट राहत नाहीत. खाच घासायची, आणि पेपर बोटाने धरून नाही, सरळ सपाट लाकडी ठोकळ्याला चिकटवून, आधी 120 मग 180.

आता यातला खरा मुद्दा. कुठल्या बाजूची भिंत घासायची ते आत्ता ठरवू नकोस. बहुतेक जण दोन्ही बाजू सारख्या घासतात आणि नेक आत गेला की खूश होतात, मग तारा चढवल्यावर कळतं की पातळ ई (सगळ्यात बारीक तार) फिंगरबोर्डच्या कडेवरून घसरतेय. खाच 76 एमएमच्या आसपास लांब असते आणि नट तिच्यापासून खूप लांब, त्यामुळे खाचेत नेक अर्धा एमएम तिरपा झाला की नटपाशी तो अडीच-तीन एमएम सरकलेला असतो. मीही सुरुवातीला एका मुलाच्या गिटारचं असंच केलं होतं, दोन्हीकडून सारखं घासलं, आणि मग एका बाजूला विनियरची (पातळ लाकडाची) पट्टी चिकटवून परत आणावं लागलं. ती त्याने कष्टाने पैसे साठवून घेतलेली गिटार होती, मला त्या रात्री झोप लागली नाही.

तर असं कर. फक्त रंग काढून नेक आत जातोय का बघ. गेला तर छान. नाही गेला तर नेक खाचेच्या वर धर, पूर्ण आत नाही तर तोंडाशी टेकवून, आणि ब्रिजवरून नटपर्यंत दोन दोरे ताण, एक जाड ईच्या सॅडलवरून (ब्रिजवरचा त्या तारेचा टेकू) आणि एक पातळ ईच्या. शिवणाचा दोरा चालेल, मी जुन्या ईच्या ताराच वापरते. दोन्ही दोरे फिंगरबोर्डच्या कडांपासून शेवटच्या फ्रेटपाशी सारख्या अंतरावर यायला पाहिजेत. ज्या बाजूला नेक सरकायला हवाय त्या बाजूची भिंत घास, दुसरीला हात लावू नकोस. दहा वेळा घासून दहा वेळा बघ. शेवटी नेक हाताच्या दाबाने आत जायला पाहिजे आणि बाजूला हलता कामा नये, बस. बॉडी नुसत्या नेकवर लोंबकळली पाहिजे असं काही जण म्हणतात, तेवढ्या घट्टची गरज नाही, पावसाळ्यात लाकूड फुगलं की रंगाला तडे जातात.


मिरज_ते_पुणे

टूथपिकवर लिहायला आलो. आमच्या घरात तीन पिढ्या सितार आणि तंबोरे बनवतात, मी पुण्यात नोकरी करतो पण सुट्टीत अजून आजोबांच्या हाताखालीच बसतो. मिरजेच्या सितार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आजोबा दिवसभर कुणाशी बोललेच नाहीत, नुसते बसून होते, असो, विषय वेगळा आहे.

टूथपिक मऊ लाकडाची असते आणि भोकात चार काड्या घातल्या तरी मध्ये पोकळी राहते. तुझं जुनं भोक आणि नवं भोक यात फक्त 2 एमएमचं अंतर आहे, म्हणजे नवं ड्रिल जुन्या भोकाच्या कडेवर चालणार. तिथे मऊ लाकूड असेल तर ड्रिल घसरून परत जुन्या भोकातच शिरतं, कितीही नीट खूण केली असली तरी. म्हणून जुनं भोक भरायचं ते मेपलइतक्याच कडक लाकडाने. मेपल इथे सहज मिळत नाही, पण बीच मिळतं, भवानी पेठेत टिंबर मार्केटला बीचचे तुकडे मागितलेस तर कुणीतरी देईल. सागवान घेऊ नकोस, त्यात तेल असतं, चिकट धरायला त्रास देतं.

आणि आता नीट वाच. बाजारात गोल डॉवेल (लाकडी दांडे) मिळतात, त्यात रेषा लांबीच्या दिशेने असतात. तो डॉवेल भोकात उभा बसवलास तर स्क्रू त्याच्या टोकातून, रेषांच्या दिशेनेच शिरतो, आणि रेषांच्या दिशेने शिरलेला स्क्रू कमी पकडतो. त्यापेक्षा बीचच्या फळीतून प्लग कटरने (गोल बूच कापायचं ड्रिल) आडवा प्लग काढ, म्हणजे प्लगच्या रेषा नेकच्या रेषांच्या दिशेला येतात. मग ते लाकूड नेकचाच भाग झाल्यासारखं वागतं. भोक 8 एमएमचं कर, हीलच्या कडेपासून भोकाचा मध्य 9 एमएमवर आहे त्यामुळे कडेला 5 एमएम लाकूड राहतं. खोली बेताची, वर फिंगरबोर्ड आहे हे लक्षात ठेव. फेविकॉल लाव, प्लग ठोक, चोवीस तास हात लावू नकोस. मग वर आलेला भाग पटाशीने कापून सपाट कर, पेपरने नाही, पेपरने आजूबाजूची हील गोल होते.

खालची दोनच भोकं चुकतायत असं म्हणतोस, पण माझं ऐकशील तर चारही भर. जवळजवळ जुळणारं भोक पूर्ण चुकणाऱ्या भोकापेक्षा जास्त त्रास देतं.

फिंगरबोर्ड शिसवीचा आहे म्हणालास म्हणून सांगतो, ती शिसव आपल्याच दक्षिणेकडच्या जंगलातली, जगभरच्या गिटारींवर जाते. 2017 मध्ये तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले तेव्हा गिटारवाल्यांची फार पंचाईत झाली होती, मग 2019 मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. कोरडी पडली की थोडं तेल लाव, फार नको.


कर्वेनगर_गिटार

ताई, दादा, काका, काय लिहू, मी काल रात्री सगळं दोनदा वाचलं. रविवारी सकाळी टिंबर मार्केटला गेलो, दुकान बंद होतं, मग सोमवारी ऑफिसला उशिरा जाऊन बीचचा एक तुकडा आणला, दुकानदाराने पैसेच घेतले नाहीत, एवढ्याशा तुकड्याचे काय घ्यायचे म्हणाला. प्लग कटर बोहरी आळीत मिळाला.

खाचेचं आधी सांगतो. ताई म्हणाल्या तसंच निघालं, रंगच होता. कटरने रेघ मारली, ठोकळ्याने घासलं, जाड ईच्या बाजूचा रंग जास्त जाड होता. दोरे लावून बघितलं तर नेक नेमका त्याच बाजूला सरकायला हवा होता. लाकडाला हात लावायची वेळच आली नाही. नेक आता हाताने आत जातो आणि हलत नाही. लाल रंगाची एक खपलीही उडाली नाही.

प्लग चारही बसवले, चोवीस तास ठेवले, पटाशी मात्र मला नीट चालवता येईना म्हणून आमच्या सोसायटीत काम करणाऱ्या सुतारकाकांकडे घेऊन गेलो, त्यांनी दोन मिनिटांत कापून दिले, वरून हात फिरवला तर प्लग कुठे आहे ते कळत नाही.

आता ड्रिलिंग उरलंय आणि तिथेच भीती वाटतेय. हाताने पकडायचं ड्रिल मशीन आहे माझ्याकडे.


भोसरी_टूलरूम

हाताने पाडू नकोस. तुझ्या जवळ कुठेतरी फॅब्रिकेशनचं दुकान असेल, त्यांच्याकडे पिलर ड्रिल (स्टँडवरचं उभं ड्रिल मशीन) असतं, चार भोकांना पाच मिनिटं लागतात. भोक हीलला काटकोनात जायला पाहिजे आणि ते हाताने जमणं अवघड.

खुणा मात्र घरीच कर. नेक खाचेत बसव, पुढच्या टोकापर्यंत नीट रेट, दोरे परत लाव, बघ. मग शिकंजा लाव, फिंगरबोर्डखाली रबराचा तुकडा ठेवून. आता बॉडीच्या मागून, बॉडीच्या भोकात नेमकं बसेल असं 4.5 चं टोकदार ड्रिल हातात धरून घाल आणि बोटाने दोन-चार वेळा फिरव. हीलवर बरोबर मध्यावर टिंब पडेल. चारही झाली की नेक काढ आणि टोच्याने टिंबं खोल कर. हे केलंस की भोकं कुठे पाडायची हा प्रश्नच उरत नाही, बॉडीच सांगते.

नेकमधल्या भोकाचं माप 3.2 एमएम. खोली मोजू: बॉडी 42, खाच 16, म्हणजे खाचेखाली 26, प्लेट दीडएक एमएम. 45 मधून ते गेले की साडेसतरा एमएम स्क्रू नेकमध्ये शिरतो. हील 25.4. तर भोक 19 खोल पाड, ड्रिलला 19 वर टेपचा पट्टा गुंडाळ, आणि पट्टा लाकडाला टेकला की थांब. दुकानातल्या माणसाला हे स्वतः सांग आणि शेजारी उभा राहा. माझ्या ओळखीच्या एकाचं भोक फिंगरबोर्डमधून वर आलं होतं, 20 व्या फ्रेटच्या बाजूला.


सहातारा

आणि स्क्रू घालण्याआधी आट्यांना साबण किंवा मेणबत्ती घास. मेपल फार कडक असतं. कोरडा स्क्रू पिळत गेलात तर तो तापतो, कुरकुरतो आणि डोक्यापासून तुटतो, मग आतला तुकडा काढायला हीलचं लाकूड कोरावं लागतं. जड जायला लागला की बाहेर काढ, परत साबण लाव, परत घाल. मशीनने नाही, हाताने.


मिरज_ते_पुणे

नेकमधल्या भोकांच्या तोंडाशी मोठं ड्रिल हलकेच फिरवून कडा जराशी मोडून घे. नाहीतर स्क्रू शिरताना लाकडाची कड वर उचलली जाते आणि नेक खाचेत सपाट टेकत नाही.


कर्वेनगर_गिटार

झालं. नेक बसला. कर्वे रोडजवळच्या एका ग्रिलच्या वर्कशॉपमध्ये भोकं पाडून घेतली, तिथल्या दादाने आधी भंगारातल्या लाकडावर एक भोक पाडून दाखवलं आणि मग नेकला हात लावला.

एक अडचण आली ती लिहितो, पुढच्या कुणाला तरी कामी येईल. स्क्रू आवळल्यावर हीलच्या खाली ब्रिजच्या बाजूला कागद सरकत होता, म्हणजे फट होती. मी घाबरलो. मग काकांनी हडपसरवाल्या दादांना जे लिहिलं होतं ते आठवलं, स्क्रू काढून नुसते बॉडीत घालून बघितले, तर दोन स्क्रू बॉडीतच आटे धरत होते. ती दोन भोकं 4.5 ची केली, परत आवळलं, आता कागद कुठेच जात नाही. म्हणजे हडपसर दादा, तुमचंही कामी आलं.

तारा चढवल्या, दहाचा सेट (सगळ्यात बारीक तार 0.010 इंचाची). सूर लागला आणि मी बराच वेळ नुसता एक एक तार वाजवत बसलो.

पण ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, जास्त आहे. सॅडल पूर्ण खाली गेलेत, स्क्रू संपले, तरी 12 व्या फ्रेटवर 2.4 एमएम आहे. रिलीफ, म्हणजे नेकचा हलका बाक, 0.25 एमएमवर आणलाय. काय करू?


हडपसर_ओव्हरड्राइव्ह

चला, आनंद झाला. माझी गिटार पण खोलून बघतो या रविवारी, एक स्क्रू तिरका आहे तो आता डोक्यातून जात नाहीये.


भोसरी_टूलरूम

हे होणारच होतं, तुझ्या पहिल्या आकड्यांतच होतं आणि मी तेव्हा सांगायला हवं होतं. जुनी हील 26.5 आणि नवी 25.4, म्हणजे नवा नेक एक एमएमहून जास्त खाली बसतो. फ्रेट खाली गेले, तारा तिथेच राहिल्या. शिम, म्हणजे हीलखाली पातळ पाचर, लागेल. आमच्याकडे मशीन लेव्हल करताना रोजचं काम आहे हे.


सहातारा

पाचर घाल, आणि ती खाचेच्या ब्रिजकडच्या टोकाला जाड असू दे. तिकडून हील उचलली की हेडस्टॉक मागे कलतो आणि तारा फ्रेटच्या जवळ येतात. ब्रिजच्या टोकाला अर्धा एमएम, आणि खाचेच्या तोंडाकडे येता येता शून्य. एवढ्याने सॅडलपाशी दीड-पावणेदोन एमएमची जागा मिळते, म्हणजे 12 व्या फ्रेटवर साधारण 0.8 उतरेल. तू 1.6 वर येशील, मग सॅडल किंचित वर घेऊन 1.8 ला आण, तुला बोटांना सोपं जाईल.

व्हिजिटिंग कार्डाचा तुकडा घालतात बरेच जण आणि त्याने गिटार वाजतेही. पण मला खाचेत पोकळी ठेवायला आवडत नाही, म्हणून पूर्ण खाचेच्या आकाराची पाचर सुचवते. प्लायवुडच्या दुकानात विनियरचे सॅम्पल मिळतात, अर्ध्या एमएमचं घे, खाचेच्या आकारात काप, सपाट काचेवर पेपर ठेवून एका टोकाकडे घासत ने. चार स्क्रूंची भोकं पाडायला विसरू नकोस. चिकटवायची नाही.

लिओ फेंडरने नेक चिकटवण्याऐवजी स्क्रूने बसवला तो याचसाठी, बनवायला सोपा आणि बिघडला तर बदलता यावा. पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिलमोरच्या त्या काळ्या स्ट्रॅटला किती तरी नेक लागले आणि निघाले, 2019 मध्ये लिलावात ती जवळपास 40 लाख डॉलरला गेली. तेव्हा नेक बदलल्याने मामाची गिटार मामाची राहत नाही असं मनात आणू नकोस.

शेवटचं एक. पाचर घालून स्क्रू आवळलेस, तारा सुरात लावल्यास की प्रत्येक स्क्रू अगदी पाव फेरा सैल कर. जास्त नाही. दहाच्या सेटचा ताण 46 किलोच्या आसपास असतो, तो हीलला खाचेच्या टोकाशी ओढून बसवतो, कधी बारीक कुरकुर ऐकू येते. लगेच परत आवळ आणि सूर लाव.


कर्वेनगर_गिटार

कुरकुर ऐकू आली! 12 व्या फ्रेटवर 1.8 आहे, कुठे बझ (तार फ्रेटला लागून होणारी खरखर) नाही, फक्त पातळ ई 15 व्या फ्रेटवर बेंड करताना, म्हणजे तार बाजूला ओढताना, किंचित बसते, ती एक सॅडल उचलली की जाईल असं वाटतंय.

मामाला अजून सांगितलं नाहीये. जुना नेक टाकून देणार नाही, तो कपड्यात गुंडाळून ठेवलाय. काल नीट बघितलं तेव्हा दिसलं, पाचव्या ते सातव्या फ्रेटवर पातळ तारांखाली खड्डे पडलेत, तेवढाच भाग घासलाय, बाकीचे फ्रेट जवळजवळ कोरे आहेत. त्याचं सगळं वाजवणं तिथेच असणार. तो आला की नवीन नेकवर कुठे हात ठेवतो ते बघायचंय मला.


मिरज_ते_पुणे

जुना नेक तारा न लावता आडवा ठेव, भिंतीला टेकवून उभा नको.


भोसरी_टूलरूम

आणि पाऊस गेला की ऑक्टोबरमध्ये रिलीफ परत मोज. लाकूड सुकलं की तो बदलेल, तेव्हा ट्रस रॉड एका वेळी अष्टमांश फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नकोस. फ्रेटची टोकं हाताला टोचायला लागली तर इथे लिही, कानस कशी चालवायची ते सांगतो.